उठत्या बाजारातल्या दोन विहिणी

विहीणबाई, तुमच्या अंगावर घालायची साडी मी भाव न करता घेतली. तुम्हाला राग येणार, हे दुकानाची पायरी चढतानाच मला माहीत होतं. व्याह्यांकडची साडी म्हणून सगळ्यांनी मलाच पाठवलं. त्या दुकानदाराने आपल्या दोघींना किती वर्षं सोसलं आहे! मला एकटीला आत येताना पाहून तो गादीवरून उठूनच उभा राहिला. बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती. आमसुली रंगाची, बारीक काठाची काढा म्हटलं. त्याने किंमत सांगितली आणि सवयीने थांबला. मी पाकीट उघडलं. तो म्हणाला, "बाई, कमी करतो ना थोडं." मी म्हटलं, "नको. आज काही बोलू नका." त्याने मान खाली घालून साडीची घडी घातली आणि मी पैसे देऊन निघाले.

ती साडी तुमच्यावर पांघरली, तेव्हा भोवती रडारड चालली होती आणि मला मात्र तुमचाच आवाज ऐकू येत होता. "काय भावाला पडली? फसिवलं तुमाला." फसवलं असेल तर फसवलं असेल. ज्यांच्या जोडीने भाव करायचा त्याच तिथे डोळे मिटून निजलेल्या. मग मी कोणाच्या जिवावर घासाघीस करणार होते?

आपली गाठही साडीवरूनच पडली होती. माझ्या वर्षाचं तुमच्या किरणशी लग्न ठरलं. मी मुलीची आई, नवऱ्यामागे एकटीने सगळं निभावणारी, आणि तुम्ही उसाचा मळा असलेल्या घरातल्या वरमाई. विहिणीच्या मानाच्या साडीसाठी मी कोपरगावातली सगळी दुकानं पालथी घातली, येवल्यालाही जाऊन आले. मांडवात तुमच्यापुढे ताट ठेवलं. तुम्ही साडी उचललीत, काठ दोन बोटांत धरून चुरगाळून पाहिलात आणि म्हणालात, "बरी हाय."

बरी हाय! पोस्टाच्या खिडकीमागे माझी सगळी नोकरी गेली. मनीऑर्डर उशिरा आली म्हणून लोकांनी माझं काय काय काढलं असेल, ते मी कधी मनाला लावून घेतलं नाही. पण तुमच्या त्या दोन शब्दांनी मला कितीतरी वर्षं छळलं. साडी कमी प्रतीची वाटली का? आता माझ्या पोरीला ऐकून घ्यावं लागेल का? पुढे आपलं चांगलं मेतकूट जमल्यावर एकदा धीर करून विचारलं, तर तुम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात. "अवो, कापड खरंच बरं हुतं. मी इचार करीत हुते, ह्या पोष्टातल्या बाईनं भाव किती पाडला आसंल." आणि मी इकडे तुमच्या दोन शब्दांवर रात्रीची झोप घालवून बसले होते.

पण ते फार पुढचं. सुरुवातीची वर्षं आपण एकमेकींना वचकूनच होतो. एकाच गावात राहून सणावारालाच भेटायचो. तुम्ही येणार म्हटलं की मी पोह्यांवर खोबरं दुप्पट घालायची, शेजारणीकडून चांगला ट्रे आणायची. तुमच्याकडे गेलं की तुम्ही मला पलंगावर बसवायच्या आणि स्वतः खुर्चीच्या कडेवर टेकायच्या. बोलायचं काय, तर किरणची कंपनी आणि वर्षाची तब्येत. निघताना एकमेकींची ओटी भरायचा प्रश्न नव्हता, दोघींचंही कुंकू पुसलेलं, तरी ब्लाउजपीस मात्र न चुकता हातात ठेवायचो. ते तेच चार ब्लाउजपीस इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत होते, हे आपल्या दोघींनाही ठाऊक होतं.

मग पोरं सुप्याला गेली. किरणला तिथल्या कारखान्यात चांगली जागा मिळाली, त्यांनी तिथेच फ्लॅट घेतला. मी निवृत्त झाले. तुमचा मळा थोरला मुलगा बघत होता, पण तुम्ही गावातलं घर सोडलं नाही. आपण दोघी कोपरगावात, आपापल्या घरात, चार गल्ल्यांच्या अंतरावर, एकेकट्या.

मला उठत्या बाजाराचा नाद तेव्हा लागला. आठवडे बाजाराच्या दिवशी ऊन कललं की भाजीवाल्यांना गावाकडचा टेम्पो गाठायचा असतो. उरलेला माल परत न्यायचा नसतो, म्हणून ते तराजू बाजूला ठेवून पोत्यावर वाटे लावतात. एकेका वाट्यात काय नसतं? चार वांगी, दोन वाकडी गाजरं, कोमेजलेली मेथी, एखादा फुटका टोमॅटो. मला पेन्शन होती, अडलं काहीच नव्हतं. पण पोस्टात तिकिटाची किंमत तिकिटावरच छापलेली. तिथे आयुष्यात एक पैसा कोणी कमी-जास्त केला नाही. इथे मात्र भाव माणसाच्या तोंडातून निघतो आणि तोंड बघून बदलतो, याची मला फार गंमत वाटायची. फक्त ओळखीच्या कोणी पाहू नये. पेन्शनवाली बाई उरलेली भाजी घेते म्हणतील. म्हणून मी पदर डोक्यावरून ओढून घ्यायची.

एका संध्याकाळी भाजीवाल्या हौसाबाईच्या पोत्यावर एक वांग्यांचा वाटा मला आवडला. मी हात घातला, तर शेजारून दुसरा हात त्याच वाट्यावर आला. हातावरचं गोंदण ओळखीचं होतं. वर पाहिलं तर पदर कपाळापर्यंत ओढलेल्या तुम्ही. उसाचा मळा असलेल्या वरमाई! तुम्हीच आधी सावरलात. "गाईला घेत हुते, विहीणबाई." मीही म्हटलं, "मला शेजारणीने सांगितलं होतं." हौसाबाईने तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "गाय लई नशिबाची हाय. मागल्या बाजारी तर भरीत करायचंय म्हनत हुत्या."

आधी तुम्ही हसलात. मग मी. भर बाजारात दोन म्हाताऱ्या एकमेकींच्या खांद्याला धरून हसतायत, लोक थांबून बघायला लागले. मला वाटतं, आपण खऱ्या विहिणी त्या दिवशी झालो. मांडवात झालं ते नुसतं नातं.

तुमच्याइतकं डोकं माझं कधी चाललं नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही. जो मानपान आपल्या दोघींच्या मानेवर बसला होता, त्यालाच तुम्ही कामाला लावलंत. पुढच्या बाजारी तुम्ही पेरूच्या पाटीपुढे बसलात, भाव विचारलात आणि मग माझ्याकडे चोरून बघत विक्रेत्याला हळूच म्हणालात, "विहीणबाई हायेत माझ्या. त्यांच्यासमोर माझी लाज राखा." तो बिचारा एकदम सावध झाला. विहीण म्हणजे काय, हे त्यालाही घरी माहीत असणार. मी तोंड वाकडं करून दूर उभी, जणू सगळ्या कोपरगावात माझ्या पसंतीचा पेरू नाही. त्याने भाव उतरवला, वर एक पेरू जास्तीचा घातला. कोपऱ्यावर वळल्यावर तुम्ही विचारलंत, "जमलं का न्हाई?"

जमलं! असं जमलं की पुढे आपण पाळ्याच लावल्या. एका बाजारी मी तुमची विहीण, पुढच्या बाजारी तुम्ही माझी. जिची पाळी विहीण होण्याची, तिने काही बोलायचं नाही, फक्त नाक मुरडायचं. तुम्हाला नाक मुरडणं जमायचं नाही. तुम्हाला माल आवडला की तोंडावर दिसायचं आणि सगळा खेळ फसायचा. मी घरी येऊन चिडायची. "अहो, लिंबू बघून कुणी एवढं खूश होतं का?" तुम्ही म्हणायच्या, "चांगलं हाय तर चांगलंच दिसनार की."

आणि तो दिवस, जेव्हा आपण दोघी पाळी विसरलो. हौसाबाईपुढे एकदमच दोघींच्या तोंडून निघालं, विहीणबाई आहेत, माझी लाज राखा. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुमी दोघी एकमेकींच्या इहिनी. मंग माझी लाज कोन राखनार?" त्या दिवशी तिने सांगितलेला भाव आपण मुकाट्याने दिला. आपलं बिंग फुटलं होतं. पण मजा अशी की त्यानंतरही ती दर खेपेला ऐकून घ्यायची, आणि भावही उतरवायची. आपण म्हटलं नाही तर वाट बघायची.

मला त्या संध्याकाळी आठवतात त्या अशाच, बारीकसारीक. भेळवाल्याकडून गोडीशेवेची पुडी घ्यायची आणि गोदावरीच्या घाटावर पायऱ्यांवर बसून खायची. रस्त्यात खाणं मला बरं वाटायचं नाही, तुम्ही म्हणालात, "नदीम्होरं खाल्लं तर कोन नावं ठेवतंय?" मग तुमच्या ओट्यावर दोघींच्या पिशव्या उपड्या करून बाजार मांडायचा. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तुम्ही तिचं कौतुक करायच्या. हा भोपळा बघा, ह्याचं देठ बघा. सोन्याचा दागिना घेतला तेव्हा मला एवढा आनंद झाला नव्हता जेवढा तुमच्याबरोबर तो भोपळा पाहताना व्हायचा. आयुष्यभर मी खर्चाची धास्ती घेऊन बाजारात गेले होते. हौस म्हणून बाजारात जायचं असतं, हे मला माझ्या आईने नाही शिकवलं, सासूने नाही, तुम्ही शिकवलंत. तेही साठी उलटल्यावर.

कपांवरून मात्र आपलं शेवटपर्यंत जुळलं नाही. चिनी मातीवाल्याने निळ्या फुलांचे सहा कप पडेल भावात दिले, कारण खोका फाटला होता आणि बशा नव्हत्या. तीन तुम्ही घेतलेत, तीन मी. माझे मी काचेच्या कपाटात ठेवले, पाहुण्यांसाठी. तुम्ही त्याच दिवसापासून त्यातून चहा प्यायला लागलात. महिन्याभरात एकाचा कान तुटला, त्यात तुम्ही मोहरी भरली. मी म्हटलं, "इतक्या छान वस्तूची वाट लावलीत." तुम्ही म्हणालात, "पावने येत्यात कोन आपल्याकडं? तुमी नि मीच की." मी म्हटलं, "तरी पण." हा वाद आपण इतक्या वेळा घातला की पुढे पुढे तुम्ही नुसता कप उचलून माझ्याकडे बघायच्या आणि मी "तरी पण" म्हणायची.

दुसरा वाद सुप्याचा. पोरांनी दोन वर्षांपासून धोशा लावला होता, दोघी इकडेच या, एक खोली तुमच्यासाठीच आहे. प्रेमाने म्हणत होती, त्यात काही खोट नाही. तुम्ही साफ नाही म्हणायच्या. "तिथं भाजी मोबाईलवर येती. भाव कुनाशी करू? मोबाईलशी?" मी म्हणायची, कधीतरी जावंच लागणार आहे, विहीणबाई. गुडघे आता थोडेच ऐकणार? शेवटच्या बाजारीही ओट्यावर हेच बोलणं निघालं होतं. तुम्ही शेंगा निवडत होतात. मी म्हटलं, "एक जण पडली की दुसरीला जावंच लागेल." तुम्ही हात थांबवून म्हणालात, "का बरं? दुसरीला बाजार न्हाई का?" मी उत्तर देणार तेवढ्यात दूधवाला आला, मग तुम्ही आत गेलात, मग अंधार पडायला आला म्हणून मी उठले. उत्तर राहूनच गेलं. त्यानंतर तुम्ही दुपारच्या झोपेतून उठलाच नाहीत.

आणखी एक राहून गेलं. मुलीची आई जन्मभर एक कान मुलीच्या सासरकडे लावून असते. कुठून काही ऐकू येतंय का, कोणी काही म्हणतंय का. इतक्या वर्षांत वर्षाबद्दल एक वेडावाकडा शब्द तुमच्याकडून माझ्या कानावर आला नाही. तोंडावर तुम्ही तिचं कौतुकही कधी केलं नाहीत, तो तुमचा स्वभाव नव्हता. पण एकदा मी मागे राहिले होते आणि तुम्हाला वाटलं मी ऐकत नाही. तुम्ही हौसाबाईला सांगत होतात, "सून अशी मिळाली की मला लेक नसल्याचं कधी वाटलं न्हाई." मी तिथेच पिशवीची गाठ सोडत-बांधत उभी राहिले. तेव्हाच तुमचे हात धरायला हवे होते. विहिणीचे हात धरायची रीत नाही म्हणून धरले नाहीत. आता सांगते, विहीणबाई, माझी लेक तुमच्या घरात पडली हे माझं नशीब.

तेरावा झाला. पाहुणे पांगले. तुमचं घर झाडून बंद करताना वर्षाने तुमचे उरलेले दोन निळे कप कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले, मोहरीचाही दिला. मग म्हणाली, "आई, आता तू इथे एकटी कशाला? आमच्याबरोबरच चल." किरणही म्हणाला, "आई गेली, आता तुम्ही तरी डोळ्यांसमोर राहा." तो असं म्हणाल्यावर कोणाच्या तोंडून नाही निघेल? मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं. तुमच्या ओट्याला कुलूप लागलेलं बघवत नव्हतं आणि चार गल्ल्या ओलांडून जायला आता ठिकाणच उरलं नव्हतं. दोन बॅगा भरल्या. पोरं म्हणाली, दोन दिवसांत गाडी घेऊन येतो.

मध्ये आजचा बाजाराचा दिवस आला. ऊन कललं तसा जीव घरात थांबेना. म्हटलं, जायचंच आहे तर हौसाबाईला सांगून तरी यावं. पिशवी घेतली. पदर डोक्यावर घ्यायला हात गेला, मग घेतला नाही.

हौसाबाई वाटेच लावत होती. मला पाहून तिने हातातली वांगी तशीच धरून ठेवली. मला वाटलं आता ती रडणार आणि मग मीही रडणार, म्हणून मी घाईने विचारलं, "काय भाव?" तिने भाव सांगितला. सकाळचा भाव, उठत्या बाजारात कोणी ऐकूनही घेणार नाही असा. मी पाकीट उघडलं आणि पैसे पुढे केले.

तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "आसं न्हाई घ्यायची मी."

"घ्या हो. मी आता सुप्याला चालले, पुन्हा येणं होईल न होईल."

"जावा की. पन आधी म्हना."

"काय म्हणू?"

"तुमाला म्हाईत हाय काय म्हनायचं."

आजूबाजूला गिऱ्हाईकं उभी होती. कोणीतरी मागून घाई करत होतं. ती माझ्याकडे बघत राहिली, हलायला तयार नाही. मी पुढे केलेले पैसे परत पाकिटात ठेवले. मग म्हटलं, "विहीणबाई आहेत बरोबर. त्यांच्यासमोर माझी लाज राखा."

हौसाबाईने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे एकदा नीट पाहिलं, जसं ती नेहमी तुमच्याकडे बघायची तसं. मग निम्म्याहून खाली भाव उतरवला. वांग्यांचा एक वाटा माझ्या पिशवीत ओतला आणि म्हणाली, "ह्यो तुमचा." लगेच दुसरा उचलला. "आनि ह्यो त्यांच्या गाईचा."

तिथे भर बाजारात मी रडले, आणि हसलेही. पुन्हा लोक थांबून बघायला लागले. बघू देत.

घरी आल्यावर वर्षाला फोन लावला. म्हटलं, येईन गं, जरूर येईन, राहीन चांगली चार-चार दिवस. पण बाजाराच्या दिवशी मला कोपरगावात असायला हवं. ती म्हणाली, "सासूबाईंनी शिकवलं वाटतं हे?" मी म्हटलं, हो.

बॅगा उघडल्या आहेत. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहिलं होतं, ते हे, की दुसरीला बाजार आहे. काचेच्या कपाटातून निळा कप काढून आत्ता त्यातूनच चहा पितेय, तेव्हा तोही वाद तुम्ही जिंकलात. वांगी गॅसवर भाजत ठेवली आहेत, दोन्ही वाट्यांची, एकटीला संपायची नाहीत एवढी. सालं काळी पडली, वास सुटलाय. आता विचारा, विहीणबाई, काय भावाला पडली. या खेपेला मी फसले नाही.